खिडकीवाले काका

लांब पल्ल्याची गाडी दोन तऱ्हेची माणसं निवडतात. काहींना कुठंतरी पोचायचं असतं. काहींना खिडकीतून काहीतरी बघायचं असतं आणि पोचणं हा त्यातला नाइलाजाचा भाग असतो. या दुसऱ्या जातीतला जो वयानं ज्येष्ठ, माहितीनं पक्का आणि सल्ला देण्यासाठी कुणी विचारण्याची वाट न बघणारा, तो खिडकीवाला काका. दर सोसायटीत एक तरी असतो. दोन असले तर त्यांचं आपसात पटत नाही. कोकण रेल्वेनं गोव्याला जाताना डावीकडे बसावं की उजवीकडे, यावरून त्यांचं बोलणं केव्हाच बंद झालेलं असतं.

काका मुख्यतः डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक अशा ठिकाणी आढळतात. भुसावळ, मनमाड, दौंड, मिरज ही खरी रेल्वेची गावं, पण तिथं हा नमुना विरळा. तिथं घरटी कुणीतरी गार्ड, ड्रायव्हर नाहीतर टीसी असतो, आणि पोटासाठी गाडीत बसणारा माणूस बाहेर बघतो तो सिग्नल बघायला. काका स्वतः रेल्वेत कधीच नव्हते. ते बँकेत, विमा कंपनीत, टपालखात्यात किंवा केंद्र सरकारच्या एखाद्या हिशेब कार्यालयात होते. हिशेबवाले काका सगळ्यांत तयारीचे, कारण पुढे दिसेल तसा हा सगळा विषय आकडेमोडीचाच आहे.

काकांचा उगम एलटीसीत आहे. चार वर्षांच्या गटात एकदा, भारतात कुठंही, सहकुटुंब, भाडं सरकारचं. अशी सवलत हातात आल्यावर शहाण्या माणसानं नकाशावरचं सगळ्यांत लांबचं टोक शोधणं ओघानंच आलं. सरकारच्या पैशानं लोणावळ्याला जाण्यात काय पुरुषार्थ? मग जम्मू, गुवाहाटी, कन्याकुमारी. दोन रात्रींचा नाहीतर तीन रात्रींचा प्रवास, स्लीपरचा डबा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि दोन मुलं. बाकीचे पत्ते कुटत होते तेव्हा काका खिडकीशी बसून टाइमटेबलात स्टेशनांपुढे पेन्सिलीनं टिंबं देत होते. अशा दोन-तीन एलटीसी झाल्या की माणूस हाताबाहेर जातो.

त्यांचं सगळं शास्त्र एका प्रश्नावर उभं आहे: बघण्यासारखी जागा गाडी किती वाजता ओलांडते? डोंगर तोच, नदी तीच, रूळही तेच. पण गाडी तिथून रात्री दोनला जात असेल तर काकांच्या लेखी तो मार्ग अस्तित्वात नाही. उदाहरण म्हणून ते नेहमी कोकणकन्या आणि मांडवी या दोन गाड्या घेतात. दोन्ही मुंबईहून मडगावला जातात, त्याच रुळांवरून. मांडवी सकाळी सातच्या सुमारास सुटते, कोकणकन्या रात्री अकराच्या. लोक कोकणकन्या पसंत करतात, कारण रात्र झोपेत जाते आणि सकाळी गोव्यात दिवस मोकळा मिळतो. काकांना हे ऐकवत नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९० हून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्ग खुला, त्यामागे ई. श्रीधरन यांच्यासारख्या माणसाचं डोकं आणि हजारो मजुरांचे हात. आणि त्यावरून घोरत जायचं! कोकणकन्येनं जाऊन आलेल्या शेजाऱ्याला ते विचारतात, "मग कोकण कसं वाटलं?" शेजारी "छान" म्हणतो. काका पुढे बोलत नाहीत, पण त्या शेजाऱ्याचं नाव मनातल्या एका यादीत जातं.

उजेडाचा हिशेब दिसतो तितका सोपा नसतो. त्यासाठी काका कालनिर्णय वापरतात. त्यातली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ मुंबईची असते, ती पूर्वेकडे चालत नाही. मुंबई ७३ रेखांशाजवळ, आसामातलं दिब्रुगड ९५ जवळ. दर अंशाला चार मिनिटं धरली तर फरक ८८ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ दीड तास. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे डिसेंबरात आसामात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो आणि मराठी माणसाचा दुपारचा चहा होईपर्यंत देखावा संपलेला असतो. ईशान्येकडे निघालेल्या कुटुंबाला काका आवर्जून सांगतात की तिथं पहाटे चारला उठायची तयारी ठेवा. कुटुंबाला वाटतं दर्शनाची रांग लवकर लागत असेल.

पावसाळ्यात गणित पुन्हा बदलतं. कोकण रेल्वेचं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं वेळापत्रक असतं. दरडीच्या भीतीनं वेग कमी ठेवतात, काही गाड्या मुक्कामाला तासा-दीड तासानं उशिरा पोचतात. सर्वसामान्य उतारूला ही गैरसोय वाटते. काकांना हा बोनस वाटतो. भाडं तेवढंच, खिडकी जास्त वेळ. शिवाय त्याच दिवसांत डोंगराला पाझर फुटलेले असतात आणि भाताची खाचरं भरलेली. मे महिन्यात कोकण रेल्वेनं जाणाऱ्यानं फक्त आंब्यासाठी जावं, असं त्यांचं मत आहे. ते चुकीचं म्हणता येत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा बाजूचा. दक्षिणेकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला, सह्याद्री डाव्या. नवखा माणूस समुद्राच्या आशेनं उजवीकडे बसतो आणि मडगावला उतरताना फसवल्यासारखा चेहरा करतो, कारण कोकण रेल्वे समुद्राच्या काठाकाठानं जाते हा निव्वळ समज आहे. रूळ बराचसा किनाऱ्यापासून आत आहे. दिसतात त्या नद्या आणि खाड्या. काका म्हणून डावीकडचे. पलीकडच्या इमारतीतले काका उजवीकडचे, कारण खाडीचं पात्र तिकडे रुंदावतं. दोघांचंही खरं आहे. बोलणं बंद आहे ते आहेच.

बाजूच्या शास्त्रातली त्यांची अत्युच्च कामगिरी कोणार्क एक्सप्रेसची. ही गाडी मुंबईहून सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा असं करत विशाखापट्टणमला जाते आणि तिथं इंजिन दुसऱ्या टोकाला लागून भुवनेश्वरकडे निघते. डब्यातली माणसं चहा पीत असतात. इकडे डावं उजवं होतं आणि उजवं डावं. जाताना चिल्का सरोवर अंधारात जातं, म्हणून काका तेव्हा झोपून घेतात. परतीच्या गाडीत, भुवनेश्वरहून दुपारी निघाल्यावर, बाळुगाव ते रंभा या टापूत पाणी डाव्या हाताला येतं. तेव्हा जागा डावीकडची हवी. विशाखापट्टणमनंतर तीच जागा उजवीकडची होईल, हरकत नाही. तोवर रात्र झालेली असेल. हे सगळं ते समोरच्या अनोळखी ओडिया कुटुंबाला हिंदीत समजावून सांगतात. कुटुंब वर्षातून चार वेळा त्या मार्गानं जातं, तरी ऐकून घेतं.

प्रवासाची बैठक रविवारी जेवणानंतर भरते. टेबलावर नकाशा, त्याचं टोक उडू नये म्हणून लोणच्याची बरणी, भिंतीवरून उतरवलेलं कालनिर्णय, समासात आकडे लिहिलेलं जुनं टाइमटेबल आणि गाडी आत्ता कुठं आहे ते दाखवणारा मोबाइल. दोन महिन्यांनी ज्या गाडीनं जायचं ती आज किती लेट आहे, हे काका रोज बघतात. तासभर लेट असली तर चेहरा फुलतो, कारण त्या तासात एखादा घाट अंधारातून उजेडात येतो. गाडी लेट झाल्याचा आनंद मानणारा हा देशातला बहुधा एकमेव उतारू.

"अहो, पण आपण नक्की चाललोय कुठं?" काकू विचारतात.

"विशाखापट्टणमहून वर."

"वर म्हणजे?"

"अरकू. अठ्ठावन्न बोगदे आहेत."

"आणि तिथं बघायचं काय?"

काकांना प्रश्न कळत नाही. अठ्ठावन्न बोगदे सांगून झालेले असतात. बैलाडिलाचं लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरात आणून जपानला पाठवण्यासाठी साठच्या दशकात हा कोत्तवलसा–किरंदुल मार्ग बांधला, आणि शिमिलीगुडा हे स्टेशन जवळजवळ हजार मीटर उंचीवर आहे, एवढी भर ते घालतात. मालगाडीसाठी बांधलेल्या मार्गावर काकांची विशेष भिस्त असते. खनिज डोंगरात सापडतं, त्यामुळे रूळ आपोआप डोंगरात जातो, असं त्यांचं साधं तर्कशास्त्र आहे.

"बाबा, हॉटेल बुक करू का?" सूनबाई विचारते.

"हॉटेलची काय घाई? खोलीतून काय दिसणार आहे?"

मूळ विषय असतो अख्खा देश ओलांडणाऱ्या एकाच प्रवासाचा. सेवानिवृत्तीनंतर प्रत्येक काकांच्या डोक्यात तो येतो. दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस, सुमारे ४,२०० किलोमीटर, देशातली सगळ्यांत लांब धावणारी गाडी. स्वामी विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं २०११ मध्ये सुरू झाली. तीन दिवसांहून जास्त गाडीतच. दुसरी हिमसागर, कन्याकुमारीहून वैष्णोदेवीच्या पायथ्याशी कटऱ्यापर्यंत, वाटेत नागपूर. नावात हिम आणि सागर दोन्ही, मधले साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर मात्र बरेचसे शेतांचे. काका दोन्ही गाड्या रंगीत पेन्सिलींनी कागदावर मांडतात, दिवसाचे तास पिवळे आणि रात्रीचे काळे करतात, आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की पैसे पूर्ण प्रवासाचे पडतात आणि जवळजवळ निम्मा देश काळ्या पेन्सिलीत जातो. तरुणपणी एकाच गाडीत शेवटपर्यंत बसण्यात बहादुरी वाटते. अनुभवी काका तुकडे पाडतात.

या तुकड्यांची त्यांची लाडकी मांडणी अशी. पहिला दिवस मांडवीनं मडगाव. पुढचा तुकडा दूधसागरचा: कुळेहून कॅसलरॉकपर्यंतचा घाट, ३७ मीटर चालून गेलं की एक मीटर वर असा चढ, आणि मध्ये ३१० मीटरचा धबधबा, गाडीच्या अगदी अंगावर. मग बंगळूर. मग मेट्टुपाळयमहून उटीची दातेरी रुळांची गाडी, ४६ किलोमीटरला चढताना पाच तासांच्या आसपास. एवढ्या वेळात मोटार जाऊन परत येते, हे काका कौतुकानं सांगतात. शेवटी पालघाटची खिंड ओलांडून केरळ आणि खाली कन्याकुमारी. सगळं दिवसाउजेडी. यात सामानाची चढउतार किती वेळा, हा प्रश्न काकू विचारतात. काका म्हणतात, सामान कमी घ्या.

तुकडे पाडताना ते एका नियमाचा आधार घेतात आणि तो ऐकून माणसं चकित होतात. ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं एकच तिकीट असेल तर वाटेत उतरून मुक्काम करता येतो. १,००० किलोमीटरच्या पुढे असा मुक्काम दोनदा. शिवाय निघालो तिथंच परत येणारं वर्तुळाकार तिकीट निघतं, त्यात आठपर्यंत मुक्काम चालतात. हे नियम छापील आहेत, जुने आहेत आणि काकांखेरीज फारसे कुणाच्या कामी आलेले नाहीत.

टॉय ट्रेनबद्दल काका फारसं बोलत नाहीत. शिमला, दार्जिलिंग, माथेरान हे त्यांच्या मते नवपरिणितांचे प्रांत. मत विचारलंच तर १९०७ ची माथेरानची गाडी चांगली म्हणतात, कारण ती घराजवळ आहे.

काचेच्या छपराच्या विस्टाडोम डब्याविषयी मात्र मत ठाम आहे. मुंबई–पुणे, मुंबई–मडगाव, अरकू अशा मार्गांवर हे डबे आले, खुर्च्या गोल फिरतात, काचा मोठ्या. मुलगा हौसेनं तिकीट काढून देतो. काका बसतात, वर बघतात आणि म्हणतात, "छपरातून आभाळ दिसतं. ते आपल्या गच्चीवरूनही दिसतं." खुर्ची फिरते हे मात्र त्यांना मनापासून आवडतं. डावं-उजवं हा आयुष्यभराचा प्रश्न एका खटक्यावर सुटतो, आणि भोर घाट चढेपर्यंत ते तीन-चार वेळा फिरून घेतात. कर्जतला मागून इंजिनं लागतात, १८६३ मध्ये हा घाट खुला झाला, तेव्हा हजारो मजूर कॉलऱ्यानं आणि अपघातांनी गेले, हे सगळं ते फिरता फिरता सांगतात. ऐकणारा ज्या दिशेला असतो त्या दिशेला खुर्ची त्या क्षणी असेलच असं नाही.

आरक्षणाचा दिवस हा काकांच्या पंचांगातला सण. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट निघायचं. २०२४ च्या १ नोव्हेंबरपासून ती मुदत ६० दिवसांवर आली. दलालांना आळा बसेल, रद्द तिकिटं कमी होतील, अशी कारणं दिली गेली आणि ती पटण्यासारखी आहेत. पण काकांचे साठ दिवस गेले ते गेलेच. तिकीट हातात आल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा काळ हा त्यांच्या प्रवासाचा सर्वांत निर्धास्त भाग असतो. त्यात गाडी कधीच चुकत नाही, खिडकी कधीच बंद नसते आणि काकूंची कंबर दुखत नाही.

सकाळी आठच्या ठोक्याला ते तिकीट काढायला बसतात. क्लास कुठला, यावर घरात आधीच भांडण झालेलं असतं. घरच्यांना एसी हवा. काकांना एसीची काच मंजूर नाही. ती पिवळट असते, उघडत नाही आणि तिच्यावर मागच्या पावसाचे ओघळ तसेच असतात. स्लीपरची खिडकी वर सरकवली की वारा, धूर, भाताचा वास, फलाटावरचा चहा, सगळं आत. धूळही आत, असं काकू म्हणतात. बहुधा तडजोड होते: मंडळी एसीत, काका एकटे स्लीपरमध्ये, जेवायच्या वेळी फलाटावरून पळत भेट. बर्थ मात्र साइड लोअर. आठाच्या पाढ्यातून एक वजा करायचा: ७, १५, २३, ३१. हे आकडे काकांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ.

आणि इथंच सगळं शास्त्र मान टाकतं. साइडचा बर्थ डब्याच्या एका अंगाला असतो, पण ते अंग सह्याद्रीकडे येणार की खाडीकडे, हे डबा कुठल्या तोंडानं जोडलाय त्यावर ठरतं. ते तिकिटावर नसतं. तक्त्यावर नसतं. गाडी फलाटाला लागेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. दोन महिन्यांचा अभ्यास, कालनिर्णय, रेखांश, रंगीत पेन्सिली, आणि २३ नंबरचा बर्थ उलट बाजूला! असा प्रसंग आला की काकांचा चेहरा बघवत नाही. पण दहा मिनिटांत ते सावरतात. समोरच्या कप्प्यातल्या खिडकीशी जो कोणी बसलेला असेल त्याच्याशी बोलणं काढतात. तो कुठला, कुठं निघाला, साखर आहे का. पनवेल यायच्या आत त्याला पटलेलं असतं की त्याच्या जागेवर ऊन फार येणार आहे.

गाडी सुटल्यावर काकांचं वागणं पाहण्यासारखं असतं. त्यांचं शरीर गाडीत आणि मन पुढच्या स्टेशनावर. कोलाड येताना ते माणगावविषयी सांगतात, माणगावला चिपळूणविषयी. प्रत्येक देखाव्याची आधी घोषणा होते: "आता बघा. आता. थांबा, बोगदा झाला की." सहप्रवाशांचे मोबाइल खिडकीकडे रोखलेले, बोगदा संपतो, उजेड येतो, सहप्रवासी काही बघायच्या आत काका म्हणतात, "हे काहीच नाही, पुढचं बघा." रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो तेव्हा ते घड्याळ लावतात. अंधारात पाच-सहा मिनिटं कुणीच बोलत नाही आणि डब्याला तेवढाच विसावा मिळतो. मग रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. तो बघण्यासाठी ते आधी वरच्या बर्थवर झोपलेल्या, ओळखपाळख नसलेल्या तरुणाला उठवतात. तरुण खाली वाकतो, हिरवं काहीतरी सरकताना बघतो, "मस्त, काका" म्हणतो आणि परत आडवा होतो. काकांच्या मते तो आयुष्यभर हा पूल विसरणार नाही.

दारात उभं राहणं त्यांना मान्य नाही आणि रुळांवर उतरणं तर अजिबात नाही. २०२३ च्या जुलैत दूधसागर बघायला रुळांवरून निघालेल्या लोकांना रेल्वे सुरक्षा दलानं उठाबशा काढायला लावल्या, तेव्हा काकांनी ती चित्रफीत सगळ्या नातेवाइकांना पाठवली. त्यांचा राग नियम मोडल्याचा होताच. त्याहून जास्त होता तो पूर्वतयारी नसल्याचा. योग्य गाडीत योग्य बाजूला बसलेल्या माणसाला उतरावं का लागेल?

खाण्याचा नकाशा वेगळा असतो, पण तो सगळ्याच लांब प्रवास करणाऱ्यांकडे असतो. कर्जतचा वडा, शेगावची कचोरी, नागपूरची संत्री, बेळगावचा कुंदा. काका हे सगळं घेतात आणि खिडकीवर डोळा ठेवून, चव न कळता खातात.

काश्मीरच्या गाडीनं त्यांची मोठी पंचाईत केली. २०२५ च्या ६ जूनला कटरा–श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल खुला झाला. सगळ्या नात्यातून फोन. काकांनी अभ्यास केला. कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरच्या टप्प्यात ९७ किलोमीटर बोगदे आहेत. म्हणजे भर दिवसा, चहूकडे हिमालय असताना, गाडी बहुतेक काळोखातूनच जाते. पूल सव्वा किलोमीटरचा. गाडी वेगात असली तर मिनिटभराचा मामला. अभियांत्रिकीला त्यांनी मनापासून नमस्कार केला, आणि देखाव्याच्या वहीत या मार्गापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तरी गेले. पूल आला तेव्हा काकूंनी तो पुरता बघितला. काका तेव्हा मागच्या बोगद्याची लांबी वहीत लिहीत होते.

मुलगा अमेरिकेत असलेल्या काकांची एक वेगळी शाखा आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामात ही मंडळी पहिले दोन महिने नातवाला सांभाळतात आणि तिसऱ्या महिन्यात शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या कॅलिफोर्निया झेफर गाडीचा पत्ता लावतात. सुमारे ३,९०० किलोमीटर, दोन रात्री, रॉकी पर्वत दिवसा, सिएरा नेवाडाही दिवसाच. मुलगा समजावतो की विमान चार-साडेचार तासांत नेतं आणि ही गाडी बऱ्याचदा उशिरा धावते. उशिरा हा शब्द ऐकताच काकांचं ठरतं. परत आल्यावर ते आपल्याकडच्या गाड्यांना थोडं घालूनपाडून बोलतात, पण कर्जत येईपर्यंतच.

काकांचे विरोधक म्हणजे पोचणारे लोक, आणि त्यांचे पुढारी बहुधा घरातच, मेहुणा या नात्यानं असतात. मेहुण्याचं म्हणणं एवढंच की दोन तासांच्या कामाला दोन दिवस कशाला? या प्रश्नाला काकांकडे उत्तर नाही. ते असण्याची गरजही त्यांना वाटत नाही. मेहुणा केरळला चार दिवसांत जाऊन येतो आणि हाउसबोटीचे फोटो दाखवतो. काका प्रत्येक फोटोला विचारतात, "हे कुठल्या स्टेशनजवळ?"

काकांचा सल्ला घ्यायचा असेल तर वेळ हाताशी ठेवून जावं. भाच्यानं सहज विचारावं, "मामा, कोचीला जायचंय, कुठली गाडी चांगली?" आणि त्याला पाच पानांचं टिपण यावं, हे नेहमीचं. त्यात तीन पर्याय, प्रत्येकात उजेडाचे तास, उन्हाची बाजू, महिना, डब्याचा प्रकार, कुठं उतरून मुक्काम करावा, कुठं झोपून घ्यावं आणि कुठं अजिबात डोळा लागू देऊ नये, हे सगळं. टिपण अचूक असतं. त्याबरहुकूम कुणी गेल्यास त्याला देश खरंच चांगला दिसेल, यात शंका नाही. बहुतेक जण मात्र आठवड्यानं फोन करून चाचरत सांगतात की सुट्टी मिळाली नाही, विमानाचंच तिकीट काढलं.

काका क्षणभर गप्प होतात. मग विचारतात, "कितीचं विमान?"

"सकाळी साडेसातचं."

"मग डावीकडे बसू नकोस, ऊन तोंडावर येईल. पण सह्याद्री डावीकडेच आहे. दुपारचं मिळत असेल तर बघ. पंखाच्या मागची ओळ घे. आणि हे बघ, रत्नागिरी आली की खाली लक्ष ठेव, पानवलचा पूल दिसतो का ते मला सांग."